चॉकलेट क्रीम पाय: कोरडी पारी, ओले सारण

चॉकलेट क्रीम पाय हा अमेरिकी घरांत आणि रस्त्याकाठच्या डायनरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला पदार्थ. मैद्याची खुसखुशीत पारी, तिच्यात चॉकलेटचे घट्ट कस्टर्ड आणि वर फेटलेली क्रीम, असे त्याचे तीन थर. यातली पारी तेवढी ओव्हनमध्ये जाते. कस्टर्ड गॅसवर शिजते आणि फ्रिजमध्ये आळते. कोरड्या पारीत ओले सारण भरायचे आणि तरी पारी कुरकुरीत राखायची, ही यातली खरी कसोटी.

२३ सेंटिमीटर व्यासाच्या पाय-डिशला साधारण १६० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ आणि तीन-चार मोठे चमचे बर्फाचे पाणी लागते. करंजीच्या पिठात मोहन कडकडीत तापवून घालतात. इथे बटर फ्रिजमधून काढलेले, कडक हवे. ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चुरायचे, पण एकजीव करायचे नाही. वाटाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. लाटताना ते चपटे होतात आणि ओव्हनमध्ये त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. पाणी शिंपडल्यावर पीठ फक्त गोळा करायचे. मळले तर ग्लुटेन तयार होऊन पारी चिवट होते. गोळा झाकून किमान तासभर थंड ठेवला की बटर घट्ट होते आणि ग्लुटेन सैलावते.

लाटलेली पारी डिशमध्ये सैलसर बसवावी. ताणून बसवलेली पारी भाजताना आकसते आणि कडांवरून खाली घसरते. ती पुन्हा थंड करून, वर बटर पेपर अंथरून राजमा किंवा हरभरे काठोकाठ भरतात. या वजनामुळे तळ फुगत नाही. १९० अंश सेल्सियसला वीस मिनिटे, मग कडधान्य काढून आणखी सुमारे पंधरा मिनिटे भाजायचे. तळ चांगला बदामी होईपर्यंत ओव्हन बंद करू नये, कारण पाय पुन्हा भाजला जात नाही आणि फिकट पारी सारणाखाली लवकर लिबलिबीत होते. नंतर पारी पूर्ण गार होऊ द्यावी.

कस्टर्डसाठी चार अंड्यांचे पिवळे बलक, १३० ग्रॅम साखर, ३५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा कोको आणि चिमूटभर मीठ थोड्या थंड दुधात गुठळ्या न राहता फेटतात. एकूण दूध ६०० मिलिलिटर, सायीसकट. उरलेले गरम करून बारीक धारेने या मिश्रणात ओततात आणि सगळे जाड बुडाच्या पातेल्यात परत घेऊन ढवळत शिजवतात. अमेरिकेत मक्याचा स्टार्च काढण्याची रीत टॉमस किंग्सफर्ड यांनी १८४२ मध्ये बसवली, तेव्हा तो प्रामुख्याने कपड्यांच्या खळीसाठी होता. स्वयंपाकघरात तो रुळला आणि असे कस्टर्ड घरोघरी सोपे झाले.

बहुतेक पाय बिघडतात ते इथेच. अंडे फाटेल या भीतीने मिश्रण दाट होताच गॅस बंद केला जातो. पण बलकात अमायलेज नावाचे विकर असते आणि ते स्टार्चचे विघटन करते. नीट न उकळलेले कस्टर्ड संध्याकाळी घट्ट दिसते आणि सकाळी पातळ होते. म्हणून जाड बुडबुडे फुटू लागल्यावरही एक-दोन मिनिटे न थांबता ढवळत उकळावे. स्टार्चच्या आधाराने बलक सहजी फाटत नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही.

पातेले उतरवून त्यात १५० ग्रॅम चिरलेले डार्क चॉकलेट, ३० ग्रॅम बटर आणि व्हॅनिला घालतात. कुठे गुठळी राहिली असेल तर चाळणीतून गाळावे. किंचित निवल्यावर पारीत ओतून प्लास्टिकची फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवायची, म्हणजे वर साय धरत नाही. फ्रिजमध्ये निदान चार तास लागतात. आळल्यावर ते पुन्हा ढवळू नये. मोडलेली बांधणी परत जुळत नाही.

क्रीम वाढण्याच्या थोडे आधी फेटावी. त्यात स्निग्धांश किमान ३० टक्के हवा, ३५ असल्यास उत्तम. भारतात सहज मिळणारी सुमारे २५ टक्क्यांची फ्रेश क्रीम फुगून उभी राहत नाही. भांडे आणि क्रीम दोन्ही गार असावीत, साखर बेताची घालावी, आणि मऊ शिखरे उभी राहताच थांबावे; पुढे फेटले तर लोणी सुटते.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून दर तुकड्याला पुसून घ्यावी. पाय फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गोठून वितळल्यावर स्टार्चची जाळी पाणी सोडते.