म्युनिकची मिटेलशूल : कोण शिकतं, कोण शिकवतं

मिटेलशूल म्हणजे पूर्वीची हाउप्टशूल, पाचवी ते नववीची सरकारी शाळा. काही वर्ग दहावीपर्यंत जातात. तिथे कोण येणार हे चौथीतच ठरतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर जिम्नॅशियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रेआलशूल (मधल्या स्तराची शाळा); 1 ही सर्वोत्तम श्रेणी. उरलेली मुलं इथे. घरी जर्मन न बोलणाऱ्यांना या चाळणीत पहिल्यापासूनच अडचण, म्हणून स्थलांतरित कुटुंबांतली मुलं इथे जास्त. नवागतांसाठी 2018-19 पासून ‘जर्मन वर्ग’ आहेत.

वाट बंद नाही, दहावीनंतर पुढे जाता येतं, असा यावर आक्षेप असतो. तो खरा आहे. पण ती वाट चालायला शिक्षकाचा वेळ लागतो आणि नेमका तोच इथे अपुरा. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात पूर्णवेळ मिटेलशूल शिक्षकाला आठवड्याला 27 तासिका, जिम्नॅशियममध्ये सर्वसाधारण विषयांना 23. मिटेलशूलमध्ये वर्गशिक्षक बरेचसे विषय स्वतःच शिकवतो. इमारत महापालिकेची, शिक्षक मात्र राज्याचे. त्यामुळे शहर शालेय समाजकार्यकर्ते देऊ शकतं. शिक्षकांची पदं वाढवणं राज्याच्याच हाती.