हिऱ्याचे भौतिक गुणधर्म : ‘नासक’ हिऱ्याच्या संदर्भात

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, १८१८ मध्ये, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या जवाहिरातील एक हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. नाशिकवरून ‘नासक’ म्हणून ओळखला जाणारा हा हिरा मूळचा त्र्यंबकेश्वराचा, असे परंपरा मानते. त्याचे वजन सुमारे ९० कॅरट, म्हणजे जवळपास १८ ग्रॅम होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने नव्याने पैलू पाडल्यावर तो सुमारे ८० कॅरट उरला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घडवून ४३.३८ कॅरटवर आणला. निम्म्याहून अधिक हिरा का गमावला गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात हिऱ्याच्या भौतिक गुणधर्मांच्या आधारे केला आहे.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ असल्याने त्याचा क्रांतिक कोन अवघा २४.४ अंश येतो. साध्या काचेचा सुमारे ४१ अंश असतो. वरून शिरलेला प्रकाश तळच्या पैलूंवर यापेक्षा मोठ्या कोनाने पडला, तर पूर्णतः परावर्तित होऊन पुन्हा वर येतो. पैलूंचे कोन चुकले की तो तळातून निसटतो आणि खडा मंद दिसतो. भारतीय कारागीर वजन राखण्यास प्राधान्य देत, युरोपीय कारागीर तेजाला. मात्र विन्स्टन यांनी निवडलेली चौकोनी ‘एमराल्ड’ घडण रंगांच्या उधळणीपेक्षा (हिऱ्याचे अपस्करण ०.०४४) खड्याची निर्मळता दाखविते. ही घट केवळ प्रकाशशास्त्राने अटळ ठरविली, असे म्हणता येणार नाही; तीत बाजारातील अभिरुचीचाही वाटा होता. दख्खनच्या रत्नकलेचा एक पुरावा मात्र त्यात कायमचा गेला.

मोस मापश्रेणीवर हिऱ्याचे काठिण्य १० आहे. ते सर्व दिशांना सारखे नसते, म्हणूनच हिऱ्याच्या भुकटीने हिरा घासता येतो. काठिण्य म्हणजे अभंगता नव्हे. हिऱ्यात चार दिशांना पाटन असते व नेमक्या आघाताने तो दुभंगतो. ऐरणीवर घाव घालून हिरा पारखण्याच्या समजुतीपायी अस्सल हिरेही फुटू शकतात.

पारखीसाठी उष्णतावहन अधिक उपयुक्त आहे. हिरा तांब्याहून कितीतरी पटींनी चांगला उष्णतावाहक आहे. काच किंवा क्युबिक झिर्कोनिया या चाचणीत तत्काळ उघडे पडतात. मॉयसनाइट मात्र या साध्या उपकरणाला फसवू शकते. त्यासाठी भिंगातून मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात का, हे पाहावे लागते. हिरा एकापवर्तनी असल्याने त्यात त्या एकेरीच दिसतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्याचे हे सर्व गुणधर्म नैसर्गिक हिऱ्यासारखेच असल्याने त्याची ओळख पटविण्यास वर्णपटीय तपासणीच करावी लागते.