कंसातील नाव

आपल्या घरोघरी देवघराच्या फडताळात किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक वंशावळ असते. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, अशी ती खाली उतरत येते. आमच्या घरच्या वंशावळीत पणजोबांच्या धाकट्या बंधूंच्या नावाखाली 'निर्वंश' एवढाच शब्द आहे. तो आम्ही लहानपणापासून वाचत आलो. त्यापलीकडे काही असेल अशी शंकाही कोणास आली नाही. गेल्या पावसाळ्यात एरंडोल तालुक्यातील आमच्या मूळ गावच्या शेताचे जुने कागद घरबसल्या संगणकावर पाहिले, आणि त्या एका शब्दामागे एकतीस वर्षांचे आयुष्य दडलेले आढळले.

ते कसे, हे सांगण्यापूर्वी कागदांची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. सातबाराचा उतारा ठाऊक नाही असे घर विरळा. पण त्यात क्षेत्र, आकार आणि पीक यांखेरीज काही नसते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः उताऱ्यावर वर्तुळात लिहिलेले जे आकडे दिसतात, ते फेरफारांचे क्रमांक होत. खातेदार वारला, वाटणी झाली, खरेदी झाली, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, अर्थात फेरफाराच्या नोंदवहीत, त्याची हकीकत लिहिली जाते. वारसाच्या नोंदीत मयत केव्हा वारला, मागे कोण राहिले व त्यांचे नाते काय, हे येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. तेव्हा ही दप्तरे म्हणजे गावोगावचे न छापलेले कुलवृत्तांतच म्हणावयाचे.

आजचा सातबारा 'महाभूलेख' या शासकीय संकेतस्थळावर पाहावयास मिळतो; गाव निवडले की गट क्रमांकावरून किंवा खातेदाराच्या नावावरून शोध घेता येतो. जुन्या कागदांसाठी 'आपले अभिलेख' हे निराळे संकेतस्थळ आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा तेथे ठेवल्या आहेत. तेथे मात्र नावापेक्षा क्रमांक उपयोगी पडतो. म्हणून आधी आजचा उतारा घ्यावा, त्यातील फेरफारांचे क्रमांक टिपावेत, आणि एकेक पायरी मागे जावे. जे कागद तेथे सापडत नाहीत, त्यांच्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षाचीच वाट धरावी लागते.

वाटेत काही अडचणी येतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार जेथे योजना झाली, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. दोहोंचा मेळ आधी घालावा लागतो. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. तेव्हा कागदावर 'पूर्व खानदेश' असेल तर तो आजचा जळगाव व 'पश्चिम खानदेश' असेल तर धुळे समजावा; मात्र १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, हेही ध्यानी ठेवावे. आडनावांवर तर विसंबूच नये. आज जे घर गावाच्या नावाने ओळखले जाते, ते जुन्या दप्तरात नुसते 'कुलकर्णी' किंवा 'जोशी' असू शकते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर होय. एकट्याचेच नाव दिसते म्हणून बाकीचे भाऊ नव्हते, असे मुळीच समजू नये.

आता आमची हकीकत. वर्तुळांतील आकडे धरून मागे जाता जाता १९२१ सालचा एक फेरफार हाती आला. विभक्त झालेले धाकटे बंधू वारले होते. ते कशाने गेले, हे कागद सांगत नाही. वारस म्हणून 'कोम' लावून एका स्त्रीचे नाव दाखल झाले होते. पुढच्या पहाणीपत्रकांत वर्षामागून वर्ष त्या शेतात कापूस आणि ज्वारी दिसते. कसणाराचे नाव बदलत गेले, खातेदाराचे बदलले नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी विधवेला पतीची मिळकत सामान्यतः हयातीपुरतीच उपभोगता येई. १९५२ साली त्या वारल्या, आणि शेत आमच्या आजोबांकडे आले. जुन्या उताऱ्यावर तेव्हा त्यांच्या नावाला कंस पडला. नाव कमी झाल्याची ती खूण.

त्याच शेतातील निम्मा भाग विकून आजोबांनी दोन मुलांना पुण्यास शिकावयास ठेवले, हे आमच्या घरी सर्वांस ठाऊक होते. ते शेत एकतीस वर्षे कोणी सांभाळले, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. नव्वदीला टेकलेल्या आत्यांना विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माडीवरच्या काकू. त्यांना नाव होते, हे आज कळले."

जुने उतारे काढणे म्हणजे वाटणीची हाक, अशी धास्ती वडीलधाऱ्यांस वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणून कागद पाहावयाचा तो त्यांना शेजारी बसवून पाहावा, आणि हेतू आधी सांगावा. महसुली नोंद हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. कज्जासाठी वकील आहेत. कुळाच्या आठवणीसाठी मात्र हा कागद बहुमोल आहे, आणि 'माडीवरच्या काकू' म्हणजे कोण, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच त्याचा अर्थ लागतो.

त्या काकूंचे नाव येथे देत नाही. ज्या जागी ते शंभर वर्षांपूर्वीच असावयास हवे होते, तेथे आत्यांनी कापऱ्या हाताने ते लिहिले आहे, कंसाशिवाय.