मराठीतून संगणक अभियांत्रिकी : काय बदलते, काय नाही

पुणे : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषेतील उच्च शिक्षणावर भर देण्यात आल्यानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली. त्यानुसार पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. जेईई मुख्य परीक्षाही २०२१ पासून मराठीतून देता येते.

मात्र माध्यम बदलले तरी विषय बदलत नाहीत. चार वर्षांच्या आठ सत्रांत डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय शिकावेच लागतात. बदलते ती स्पष्टीकरणाची भाषा. ‘रिकर्शन’ ही संज्ञा तशीच राहते. पण फंक्शन स्वतःलाच पुन्हा कसे बोलावते आणि थांबण्याची अट नसेल तर काय बिघडते, हे मराठीतून समजते. गणितात चांगला, पण इंग्रजीत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी विषय आणि भाषा अशा दोन आघाड्यांवर लढावे लागत नाही.

इंग्रजी मात्र टळत नाही. सी, जावा, पायथॉन यांतील आज्ञा इंग्रजीत असतात. पदव्युत्तर प्रवेशासाठीची संगणकशास्त्राची गेट परीक्षाही इंग्रजीतच होते. म्हणून पाठ्यपुस्तके व प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत आहेत आणि इंग्रजीची स्वतंत्र तयारी करून घेतली जाते का, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करणे हिताचे. मराठीतून पक्की झालेली संकल्पना पुढे इंग्रजीत मांडता आली, तरच या पर्यायाचा खरा लाभ होईल.