भूतानच्या डोंगरांत आवाजाची वाट

2 जून 1999 रोजी भूतानमध्ये टीव्ही आणि इंटरनेट एकाच दिवशी सुरू झाले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाचा तो रौप्यमहोत्सव. तोवर देशात टीव्हीला परवानगीच नव्हती. यातले सगळेच हिताचे नसते, तारतम्य बाळगा, असे राजांनी त्याच वेळी प्रजेला सांगितले होते. पुढच्या काही वर्षांत परदेशी वाहिन्यांवरच्या कुस्त्या पाहून मुले शाळेत एकमेकांना आपटू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि टीव्हीने भूतान बिघडवला, असे लेख जगभर छापून आले. मला वाटते, सगळ्यांची नजर टीव्हीवर खिळली होती तेव्हा या समाजाला खरी हलवणारी वस्तू अजून यायचीच होती. मोबाइल आला नोव्हेंबर 2003 मध्ये.

त्याचे मोल कळायला आधी तिथली जमीन पाहावी लागते. भारताच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगपासून राजधानी थिम्फूपर्यंतचा पहिला मोटाररस्ता झाला 1962 मध्ये. गावे म्हणजे उतारांवर विखुरलेली घरे. कित्येक ठिकाणी रस्ता संपल्यावर दिवसभराची चाल. अशा मुलखात घरोघर टेलिफोनची तार नेणार कोण आणि कशी? धारेवरचा एक टॉवर मात्र दोन्ही अंगांच्या वस्त्यांना पुरतो.

दुसरी अडचण अक्षरांची. सात-आठ लाख लोकसंख्येच्या या देशात एकोणीसेक भाषा आहेत. राष्ट्रभाषा झोंगखा, ती तिबेटी लिपीत लिहितात. पूर्वेकडे घरोघर त्शांगला बोलतात, दक्षिणेत नेपाळी, आणि शाळेत शिकवतात इंग्रजीतून. 2017 च्या जनगणनेत साक्षरता 71 टक्क्यांच्या आसपास होती. म्हाताऱ्या माणसांत, त्यातही बायकांत, ती फारच कमी. म्हणजे जी आजी जन्मभर त्शांगलात बोलली, तिने मुलाला निरोप लिहायचा तो कोणत्या अक्षरांत?

तिची अडचण सोडवली वीचॅटने. हे चिनी ॲप भारतात 2020 मध्ये बंद झाले, भूतानमध्ये ते खेडोपाडी रुजले आहे. रुजण्याचे मुख्य कारण त्यातला आवाजी निरोप. बटण दाबून धरायचे, बोलायचे, अंगठा उचलायचा, निरोप गेला. नाव वाचता येत नसले तरी नातवाचा फोटो ओळखता येतो. गावच्या कारभारालाही हे निरोप उपयोगी पडतात. अनेक गावांच्या गटाला तिथे गेवोग म्हणतात. त्याचा निवडून आलेला प्रमुख म्हणजे गुप, आणि त्याच्या हाताखाली वस्तीची कामे पाहणारा त्शोग्पा. बैठकीचे, लसीकरणाचे, श्रमदानाचे सांगणे घेऊन त्शोग्पा पूर्वी घरोघर चढउतार करायचा. आता तो गावाच्या ग्रुपवर एकदा बोलतो. सून फोन सासूच्या कानाशी धरते, सासूला नीट कळले नाही तर पुन्हा लावते. मग सासूच बटण दाबून विचारते, ‘त्या दिवशी आमच्याकडे पूजा आहे, बैठक दुसऱ्या दिवशी ठेवता का?’ तिच्या आवाजामागे कोंबड्या ओरडत असतात. हा प्रश्न सगळ्या गावाला ऐकू जातो. निरक्षर बाईचा शब्द कोणाच्याही मध्यस्थीशिवाय सरकारी माणसापर्यंत पोहोचावा, ही माझ्या मते भूतानमधल्या फोनची सर्वांत मोठी कमाई आहे.

वडीलधाऱ्यांशी, अधिकाऱ्यांशी कसे बोलायचे, याचे नियम या समाजात बारकाईने घालून दिलेले आहेत. त्यांना द्रिग्लाम नामझा म्हणतात. मोठ्या माणसापुढे नजर खाली, शब्द मोजके, प्रसंगी तोंडापुढे हात. फेसबुकवर हे नियम पाळायला कोणी समोरच नसते. तिथे मंत्र्याला थेट जाब विचारता येतो. टोपणनावाने कुणाची अब्रूही घेता येते. जिथे जो तो एकमेकांना कुठल्या ना कुठल्या नात्याने ओळखतो, तिथे अशी बदनामी फार खोल लागते. तरीही 2008 मध्ये पहिल्यांदा राष्ट्रीय सभेसाठी मतदान केलेल्या लोकांना प्रश्न विचारायची सवय लागत असेल, तर ती मोडू नये असेच मला वाटते.

पैशाचे व्यवहारही फोनवर आले आहेत. बाजारातल्या भाजीवाल्या बाईपुढे क्यूआर कोड असतो. जुलै 2021 पासून आपला भीम यूपीआयही तिथे चालू झाला आहे, त्यामुळे पारो-थिम्फूला जाणाऱ्या मराठी पर्यटकालाही हे अनोळखी वाटू नये.

मात्र गावातून बाहेर पडण्याची वाटही याच पडद्यावरून जाते. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक्रम, व्हिसाची माहिती, पर्थमध्ये आधीच गेलेल्या मावसबहिणीने दाखवलेली खोली, हे सगळे फोनवर दिसते. तरुणांच्या जाण्यामागे पगार आणि नोकऱ्यांची चणचण आहे, दोष एकट्या फोनचा नाही. पण घराशी रोज बोलता येते म्हटल्यावर निघणाऱ्याचे पाऊल हलके होते, हेही खरे. पूर्वेकडच्या त्राशिगांग, मोंगारसारख्या जिल्ह्यांत कुलूपबंद घरे वाढली आहेत; त्यांना गुंगतोंग म्हणतात. शेजारची शेते पडीक राहिली की रानडुकरे उरलेल्या शेतांवर तुटून पडतात आणि रात्री राखणीला जागणारे हात कमी पडतात. पर्थहून आलेल्या पैशांतून कुंपण घालता येते, पण खांब रोवायला माणूस गावातलाच लागतो. डिसेंबर 2023 मध्ये पाचव्या राजांनी दक्षिणेत गेलेफूला नवे शहर उभारण्याची घोषणा केली. तरुणांना मायदेशी काम मिळावे, हा त्यामागचा एक मोठा हेतू आहे. परतणारे गेलेफूलाच स्थिरावले, तर त्राशिगांगच्या उतारावरच्या शेतांची राखण कोण करणार, याचे उत्तर त्या आराखड्याबरोबरच शोधायला हवे.