बिलीला एका ओळीत उरकू नका

28 सप्टेंबर 2024 रोजी गायक आणि नट क्रिस क्रिस्टोफरसन गेला. माझ्या वाचनात आलेल्या मृत्युलेखांत जॅनिस जॉप्लिनने अजरामर केलेलं त्याचं गाणं होतं, बार्बरा स्ट्रायसँडबरोबरचा चित्रपट होता. दिग्दर्शक सॅम पेकिन्पाचा 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' मात्र एका ओळीत उरकलेला. ते मनाला लागलं.

सुरुवातीची वर्षं सर्वांना ठाऊक आहेत. टेक्ससमध्ये जन्म, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग लष्करात हेलिकॉप्टर चालवणं. 1965 मध्ये वेस्ट पॉइंटला इंग्रजी शिकवण्याची संधी सोडून तो नॅशव्हिलला गेला आणि कोलंबियाच्या स्टुडिओत झाडू मारू लागला. 1970 मध्ये जॉनी कॅशने त्याचं गाणं गाऊन त्याला कंट्री संगीताच्या पहिल्या रांगेत बसवलं. पुढे 'हायवेमेन' हा गायकांचा गट आला, 'ब्लेड' हा चित्रपट आला. त्यात फारसं रेंगाळण्यासारखं नाही.

रेंगाळावं ते सत्तरच्या दशकात. तेव्हा आम्ही मुंबईत कॉलेजात होतो. हॉलिवूडच्या कंपन्यांशी असलेला आयातीचा करार 1971 मध्ये संपला आणि 1975 पर्यंत नवे अमेरिकी चित्रपट जवळजवळ बंदच झाले. क्रिस्टोफरसन आम्हाला आधी रेकॉर्डवर भेटला. बिली पाहायला मिळाला तो फार उशिरा.

1973 मध्ये छत्तिशीतला हा गायक एकविसाव्या वर्षी मारल्या गेलेल्या गुन्हेगार बिलीच्या भूमिकेत उभा राहिला. समोर शेरीफ गॅरेटच्या भूमिकेत जेम्स कोबर्नसारखा कसलेला नट. गायकाला अभिनय येत नाही, तो नुसता उभा राहतो, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी लिंकनच्या तुरुंगातून पळण्याचा प्रसंग पुन्हा पाहावा. दोन पहारेकरी मारून झालेत, सारं गाव टक लावून पाहतंय आणि पायांत बेडी असलेला बिली सज्ज्यात निवांत वावरतोय. घाई नाही, मिजास नाही. शेवटी गॅरेट बंदूक घेऊन समोर येतो, तेव्हाही मित्राला ओळखल्याचं हसू त्याच्या चेहऱ्यावर उमटतं. शब्द कुठे थांबवायचा हे ज्याला गाणी लिहिताना कळलं, त्यालाच असं थांबता येतं. नाटकी नटाने हा बिली बिघडवला असता.

त्या चित्रपटावर कात्री चालवली ती तो काढणाऱ्या एमजीएम कंपनीने. पेकिन्पाच्या हातून काढून घेऊन तो 106 मिनिटांचा केला. श्रेयनामावलीत संकलकांची सहा नावं आहेत, यातच सगळं आलं. 122 मिनिटांची आवृत्ती 1988 मध्ये बाहेर आली. पेकिन्पा 1984 मध्येच गेला होता.

1980 मध्ये क्रिस्टोफरसन नायक असलेला, मायकेल चिमिनोने दिग्दर्शित केलेला 'हेवन्स गेट' आला. त्यावर सुमारे 4 कोटी 40 लाख डॉलर खर्च झाले आणि न्यूयॉर्कमध्ये आठवड्याभरात तो मागे घेतला गेला. दुसऱ्याच वर्षी तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी विकली गेली, तीही एमजीएमलाच. क्रिस्टोफरसनची नायक म्हणून कारकीर्द त्या ढिगाऱ्याखाली गेली. खर्च दिग्दर्शकाचा, घबराट मालकांची आणि शिक्षा मात्र वायोमिंगमधल्या गरीब स्थलांतरितांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस इतक्या संयमाने रंगवणाऱ्या नटाला. 2012 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तोच चित्रपट नव्याने सन्मानाने दाखवला गेला. पण गेलेली बत्तीस वर्षं त्या नटाला कोण देणार?

आज गायक पडद्यावर येतो तो आपले चाहते मोजून, आपली प्रतिमा सांभाळून. भूमिका त्याच्या मापाने बेतली जाते. पेकिन्पाने क्रिस्टोफरसनला असा सांभाळला नाही. त्याला खुनी केलं, हरायला लावलं आणि मारलं. गायकावर एवढा भरवसा टाकणारे दिग्दर्शक त्या दशकात होते. तो भरवसा हिशेबनिसांनी मोडून काढला, आणि आता आपण मृत्युलेखांतूनही त्याची आठवण गाळतो आहोत. क्रिस्टोफरसनची गाणी टिकतीलच, ती गाणारे खूप आहेत. बिलीला मात्र प्रेक्षकच हवा, आणि तो 122 मिनिटं बसणारा हवा.