कासदाह : सुप्त प्रतिरोध ओळखणारी ‘डी’ चाचणी

गायी-म्हशींच्या कासदाहास, म्हणजेच पशुपालकांच्या भाषेतील ‘दगडी’स, कारणीभूत ठरणाऱ्या जीवाणूंमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एक प्रमुख जीवाणू होय. बाधित सडातील दूध तपासून त्यानुसार प्रतिजैविक निवडणे, ही उपचाराची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. तथापि एका बाबतीत नेहमीची तपासणी फसवी ठरू शकते.

एरिथ्रोमायसिन हे मॅक्रोलाइड गटातील, तर लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन ही लिंकोसामाइड गटातील औषधे आहेत. रासायनिक रचना भिन्न असूनही ती जीवाणूच्या रायबोसोमवर जवळजवळ एकाच जागी जडतात आणि प्रथिननिर्मिती रोखतात. ‘अर्म’ जनुकापासून तयार होणारे विकर नेमक्या त्याच जागी मिथाइल गट जोडते. परिणामी दोन्ही गटांतील औषधे निष्प्रभ होतात.

काही जीवाणूंमध्ये मात्र हे जनुक सुप्त असते. त्याच्या संदेशवाहक आरएनएची घडी विकर तयार होऊ देत नाही. एरिथ्रोमायसिनच्या सान्निध्यात ही घडी उलगडते. क्लिंडामायसिनमुळे ती उलगडत नाही. म्हणून क्लिंडामायसिनची चकती एकटीच ठेवल्यास तिच्याभोवती जीवाणूंची वाढ होत नाही आणि अहवालात ‘संवेदनशील’ असा शेरा येतो. उपचारादरम्यान मात्र उत्परिवर्तनामुळे ज्यांचे जनुक कायमचे जागृत झाले आहे, असे मोजके जीवाणू तग धरून वाढतात आणि उपचार फसतो.

हा सुप्त प्रतिरोध ‘डी’ चाचणीने उघड होतो. म्युलर-हिंटन आगरवर 15 मायक्रोग्रॅम एरिथ्रोमायसिनची व 2 मायक्रोग्रॅम क्लिंडामायसिनची चकती 15 ते 26 मिलिमीटर अंतरावर ठेवून बशी 35 अंश सेल्सिअस तापमानात 16 ते 18 तास उबवली जाते. क्लिंडामायसिनभोवतीचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसले, तर तो जीवाणू लिंकोसामाइडला प्रतिरोधक समजावा. एरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या जीवाणूचे वर्तुळ पूर्ण गोल राहिले, तर त्याचा प्रतिरोध बहुधा औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या यंत्रणेमुळे असतो; अशा वेळी लिंकोसामाइडचा पर्याय खुला राहतो.

फसलेल्या उपचारात औषधाचा खर्च, त्या काळात टाकून द्यावे लागणारे दूध आणि कधी कायमचा निकामी झालेला सड, असे तिहेरी नुकसान पशुपालकास सोसावे लागते. म्हणून अहवालात एरिथ्रोमायसिनपुढे ‘प्रतिरोधक’ आणि क्लिंडामायसिनपुढे ‘संवेदनशील’ अशी नोंद आढळल्यास ‘डी’ चाचणी झाली आहे काय, याची पशुवैद्यकांनी खात्री करून घ्यावी. त्यासाठी दोन चकत्या योग्य अंतरावर ठेवण्याची दक्षता पुरेशी आहे.